तळाशी एक ओळ

सकाळी वर्तमानपत्र दारात पडले की ते वाचण्याआधी पानाचा तळ पाहायचा, अशी एक विचित्र सवय आम्हांला गेल्या काही वर्षांत लागली आहे. पूर्वी पहिल्या पानावर बातमी असे. आता बातमीपर्यंत पोहोचण्यासाठी कधी दोन, तर कधी चार पाने ओलांडावी लागतात. त्या पानांवर हसरे चेहरे असतात, जोडलेले हात असतात, गव्हाच्या ओंब्या असतात, नव्या घराची किल्ली हाती धरलेले कुटुंब असते आणि योजनेच्या नावापुढे कोटींचे आकडे असतात. आमची नजर मात्र हे सारे सोडून तळाच्या कोपऱ्यात जाते. तिथे मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत एक क्रमांक असतो. केंद्राची जाहिरात असली की पूर्वी तो 'डीएव्हीपी' या अक्षरांनी सुरू होई. आमच्या मध्य प्रदेश शासनाची असली तर 'डी' या अक्षरापुढे आकडे असतात आणि जवळच 'आकल्पन' कोणाचे तेही दिलेले असते. म्हणजे चित्राची जुळणी कोणी केली हे कळते, देयक कोणत्या क्रमांकाने मंजूर व्हायचे आहे हेही हिशेबनिसाला कळते. एवढ्या मोठ्या पानावर लिहिलेली नसते ती एकच गोष्ट : या पानाचे पैसे कोणी भरले.

ही सवय आम्हांला ज्यांनी लावली ते आमच्या मंडळाचे एक ज्येष्ठ सभासद होते. ग्वाल्हेरच्या महालेखाकार कार्यालयात त्यांची सारी नोकरी झाली आणि निवृत्तीनंतर ते मुलाकडे इंदूरला राहायला आले. मंडळात सगळे त्यांना काका म्हणत. कविसंमेलनात ते हटकून पेंगत. परंतु वार्षिक जमाखर्चाचा कागद समोर आला की त्यांच्यासारखा जागा माणूस सभागृहात दुसरा नसे. ते आज नाहीत. त्यांनी २०१६ साली मांडलेला एक ठराव आम्ही त्या वेळी मोडून काढला, आणि आता तोच ठराव आम्हांलाच पुन्हा मांडायचा आहे. हा लेख लिहिण्याचे कारण एवढेच.

पण त्याआधी एका शब्दाविषयी.

आम्ही इंदूरचे. घरात मराठी, मंडळात मराठी, पण सकाळचा पेपर हिंदी. या पेपरांतील सरकारी जाहिरातींत आणि त्यांच्या वळणाने लिहिलेल्या बातम्यांतही एक शब्द इतक्या वेळा येतो की त्याचा अर्थ आता कोणी पाहत नाही. तो शब्द 'सौगात'. अमुक जिल्ह्याला इतक्या कोटींची सौगात, तमुक गावाला पुलाची सौगात. फारसीच्या वाटेने आपल्याकडे आलेला हा मोठा गोड शब्द आहे. प्रवासाहून परतणाऱ्याने आठवण ठेवून आणलेली वस्तू म्हणजे सौगात. आमच्या लहानपणी मामा मुंबईहून येत तेव्हा त्यांच्या पिशवीतून जे निघे ती सौगात. मामांनी ती स्वतःच्या पगारातून आणलेली असे, म्हणूनच तिचे अप्रूप. मामांनी आमच्याच वडिलांच्या खिशातून पैसे काढून बर्फी आणली असती आणि वर डब्यावर आपला फोटो चिकटवला असता, तर तिला सौगात कोणी म्हटले असते काय?

मराठीचा कारभार याहून सोवळा आहे असे मात्र नाही. महाराष्ट्रात गेलो की सभामंडपावर, बसथांब्यावर, बागेतल्या बाकाच्या पाठीवर आम्ही वाचतो : अमुक यांच्या प्रयत्नातून, तमुक यांच्या सौजन्याने, अमक्या खासदारांच्या निधीतून. खासदार निधीची योजना १९९३ च्या डिसेंबरात सुरू झाली. सध्या एका खासदाराच्या वाट्याला वर्षाला ५ कोटी रुपयांची कामे सुचविण्याचा अधिकार येतो. अधिकार सुचविण्याचा आहे. पाटीवर मात्र 'यांच्या निधीतून' असे रंगवले जाते. व्याकरणाच्या दृष्टीने पाहिले तर सारा घोटाळा षष्ठी विभक्तीचा आहे. तो 'यांच्या' नेमका कोणाच्या, हे विचारणारा वैयाकरणी त्या बाकावर अजून बसायचा आहे.

आता आमच्या स्वतःच्या गुन्ह्याकडे वळतो. आमच्या या त्रैमासिकासाठी जाहिराती गोळा करण्याचे काम आम्ही जवळजवळ वीस वर्षे केले. साहित्यिक नियतकालिक वर्गणीवर चालत नाही, हे वाचकांना माहीत नसले तरी कोषाध्यक्षांना पक्के माहीत असते. दोन पेढीवाले, एक मंगल कार्यालय, एक दागिन्यांचे दुकान आणि दिवाळी अंकाला सरकारी जाहिरात, असा आमचा संसार. सरकारी जाहिरात अर्ध्या पानाची असली तरी अंकाच्या कागदाचा खर्च निघे. ती मिळविण्यासाठी आम्ही एका कचेरीत सलग तीन सकाळी लाकडी बाकावर बसलो आहोत. तिसऱ्या दिवशी 'आरओ' हाती ठेवताना तेथील कारकून म्हणाले, "साहब की कृपा से मिल गया, अगली बार जल्दी आइएगा." आम्ही हात जोडले. खरे सांगायचे तर मनापासून जोडले. कागदाचा भाव वाढलेला होता आणि छापखान्याची मागची बाकी राहिली होती. जिन्यावरून उतरताना कृपा कोणाची, हा प्रश्न आमच्या मनात आला नाही. तो आला त्यानंतर दोन आठवड्यांनी, कार्यकारिणीच्या सभेत, काकांच्या तोंडून.

ग्रंथालयाच्या माडीवरच्या खोलीत सभा होती. बाहेर पाऊस, आत शेव आणि चहा. अंकाच्या मांडणीचा विषय निघाला तेव्हा काका म्हणाले, "सरकारी जाहिरात जशीच्या तशी छापा. फक्त तिच्या खाली एक ओळ घाला : ही जाहिरात करदात्यांच्या पैशातून दिलेली आहे."

अध्यक्ष हसले. म्हणाले, "काका, ज्याचे खावे मीठ त्याच्याशी असे वागू नये."

"मीठ कोणाचे, तेवढेच तर लिहा म्हणतोय," काका म्हणाले.

मग त्यांनी खिशातून दोन कागद काढले. पहिला होता महाराष्ट्रातून आमच्या ग्रंथालयात येणाऱ्या एका वाङ्मयीन मासिकाच्या आतल्या पानाचा. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाकडून ज्यांना अनुदान मिळते त्या नियतकालिकांत एक निवेदन छापलेले असते, हे आपल्या वाचकांना परिचयाचे आहे : मंडळाने प्रकाशनार्थ अनुदान दिले आहे, तथापि लेखकांच्या विचारांशी मंडळ व शासन सहमत असेलच असे नाही. काकांनी ती ओळ मोठ्याने वाचली आणि चष्मा काढला. "कवितेच्या मासिकाला चार पैसे दिले, तर ते दिले हे छापावे लागते. आणि तेच सरकार स्वतःची पानभर आरती छापते, तेव्हा कोणी दिले हे छापावे लागत नाही. हे कोणत्या नियमात बसते, सांगा."

त्यावर कोणी काही बोलले नाही. खरोखरच, छापील कागदावर नाव-गाव घालण्याच्या बाबतीत आपला कायदा लहानांशी फार कडक आहे. नियतकालिकाला मुद्रक आणि प्रकाशक छापावा लागतो, हा दंडक १८६७ च्या कायद्यापासूनचा. निवडणुकीतील एखाद्या अपक्ष उमेदवाराने हस्तपत्रक काढले तरी लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२७-क प्रमाणे त्यावर मुद्रकाचे व प्रकाशकाचे नाव आणि पत्ता हवा. नसेल तर शिक्षा आहे. जो स्वतःच्या पैशाने छापतो त्याने हे सांगायचे. जो दुसऱ्याच्या पैशाने छापतो त्याने काय सांगायचे, याविषयी कायदा गप्प आहे.

दुसरा कागद अमेरिकेतला होता. काकांचे जावई तिकडे असतात. त्यांच्या भागातल्या प्रतिनिधीगृहाच्या सदस्याने मतदारसंघात धाडलेले ते चार पानी वार्तापत्र होते. पाकिटावर तिकीट नव्हते; तिकिटाच्या जागी त्या सदस्याची छापील सही होती, कारण तेथील सदस्यांना मतदारसंघात टपाल धाडण्यासाठी तिकीट चिकटवावे लागत नाही. आत आपल्याकडच्यासारखेच : फोटो, केलेली कामे, शाळेतली मुले. मात्र तळाशी एक इंग्रजी ओळ होती. हे टपाल करदात्यांच्या खर्चाने तयार केले, छापले आणि पाठवले आहे, असा तिचा अर्थ. त्या काळी अशी ओळ छापणे तेथील सदस्यांना बंधनकारक होते. तिकडच्या आरोग्य खात्याच्या पुस्तिकांवरही करदात्यांच्या खर्चाचा असाच उल्लेख आढळतो. काकांचे म्हणणे असे की ती ओळ घातल्याने त्या सदस्याचे काही बिघडलेले दिसले नाही. फोटो तर मोठाच होता.

आम्ही विरोधात बोललो. कारणेही दिली. आरओवर अट असते की मजकुरात बदल केल्यास देयक अदा केले जाणार नाही. पुढल्या वर्षी जाहिरात मिळणार नाही. साहित्य मंडळाने राजकारणात पडू नये. शेवटचे कारण देताना आमचा आवाज जरा चढला, हे आम्हांला अजून आठवते, कारण तेच सर्वांत पोकळ होते. काकांचा ठराव दोन विरुद्ध सात मतांनी फेटाळला गेला. अंक निघाला. जाहिरात मलपृष्ठाच्या आत छापली. पैसे पुढच्या भाद्रपदात आले.

काकांनी तो विषय सभेत पुन्हा काढला नाही. पण ग्रंथालयात भेटले की ते आमच्या हातातला पेपर घेत आणि जाहिरातीच्या तळावर बोट ठेवून विचारत, "लेखाशीर्ष कोणते?" आम्हांला ते ठाऊक नसे. मग तेच सांगत : २२२०, माहिती व प्रसिद्धी. सरकारचा प्रत्येक रुपया अशा एखाद्या आकड्याखाली जन्मतो आणि त्याच आकड्याखाली खर्ची पडतो. हिशेबतपासनिसाला तो आकडा दिसतो, वाचकाला तो दिसत नाही, एवढाच फरक. त्यातही एक गोम असे. पुष्कळदा जाहिरातीचा खर्च प्रसिद्धीच्या शीर्षाखाली पडतच नाही; तो ज्या योजनेची जाहिरात, त्या योजनेच्याच पैशातून होतो. याचे ढळढळीत उदाहरण पुढे २०२१ च्या डिसेंबरात समोर आले. महिला सक्षमीकरणाच्या संसदीय समितीने, जिच्या अध्यक्षा नंदुरबारच्या तेव्हाच्या खासदार डॉ. हीना गावित होत्या, 'बेटी बचाओ, बेटी पढाओ' योजनेचा अहवाल मांडला. २०१६ ते २०१९ या काळात राज्यांना दिलेल्या ४४६.७२ कोटी रुपयांपैकी ७८.९१ टक्के रक्कम केवळ प्रसारमाध्यमांतील प्रचारावर खर्च झाली होती. समितीच्या अध्यक्षा सत्ताधारी पक्षाच्याच होत्या, ही गोष्ट त्यांच्या प्रामाणिकपणाला शोभून दिसते. आम्ही तो आकडा वाचला तेव्हा काका अंथरुणाला खिळलेले होते. त्यांना वाचून दाखवला. ते एवढेच म्हणाले, "मुलीचे पैसे मुलीच्या फोटोला गेले."

जाहिरातीच्या नैतिकतेचा विचार आपल्याकडे झालाच नाही, असे मात्र म्हणता येणार नाही. तो झाला, आणि थेट सर्वोच्च न्यायालयात झाला. 'कॉमन कॉज' या संस्थेची याचिका २००३ सालची. २००४ च्या निवडणुकीआधीचे 'इंडिया शायनिंग' आले आणि गेले, पुढे दुसऱ्या आघाडीचे 'भारत निर्माण' आले आणि गेले, तरी ती चालूच होती. २०१४ साली न्यायालयाने डॉ. एन. आर. माधव मेनन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि १३ मे २०१५ रोजी निकाल दिला. जाहिरात शासनाच्या जबाबदारीशी निगडित असावी, मजकूर वस्तुनिष्ठ असावा, ती पक्षाचे हित साधणारी नसावी, खर्च समर्थनीय असावा, अशी ती मार्गदर्शक तत्त्वे होती. ती वाचून कोणाही सज्जनाचे समाधान व्हावे. पण देशभर चर्चा झाली ती एकाच गोष्टीची : फोटो कोणाचा. न्यायालयाने राष्ट्रपती, पंतप्रधान आणि सरन्यायाधीश या तिघांचेच छायाचित्र चालेल असे म्हटले. त्यावर राज्यांनी फेरविचाराचे अर्ज केले आणि १८ मार्च २०१६ रोजी मुख्यमंत्री, राज्यपाल आणि संबंधित खात्याचे मंत्री यांनाही चौकटीत जागा मिळाली. दहा महिन्यांत चेहरे परत आले. निवडणुकीच्या तोंडावर जाहिरातींना बंदी असावी, ही समितीची सूचना तर न्यायालयाने मुळातच स्वीकारली नव्हती.

आम्हांला वाटते, इथे मोठ्या माणसांचा रस्ता चुकला. चेहऱ्यावर बंदी घालणे कठीण असते, कारण चेहऱ्याच्या बाजूने नेहमीच काही ना काही बोलता येते : तो लोकनियुक्त आहे, त्याच्यामुळे योजना ओळखता येते, खेड्यातल्या निरक्षर माणसाला नावापेक्षा तोंडवळा कळतो. एका ओळीच्या विरोधात काय बोलता येईल? 'हे पैसे तुमचे आहेत' हे वाक्य खोटे आहे, असे कोणतेही सरकार म्हणू शकत नाही. ते निरुपयोगी आहे असेही म्हणू शकत नाही, कारण त्याला जागा लागते ती जेमतेम एका क्रमांकाएवढी. फार तर ते गैरसोयीचे आहे असे म्हणता येईल, आणि ते चारचौघांत म्हणणे जरा अवघड.

चेहऱ्याच्या मागे लागल्याने काय होते, ते आमच्याच प्रांतात दिसले. पंतप्रधान आवास योजनेतून बांधलेल्या घरांत पंतप्रधान आणि मुख्यमंत्री यांची छायाचित्रे असलेल्या फरशा बसवण्याचा हुकूम निघाला. दारात आणि स्वयंपाकघरात. प्रकरण उच्च न्यायालयाच्या ग्वाल्हेर खंडपीठापुढे गेले आणि सप्टेंबर २०१८ मध्ये खंडपीठाने त्या फरशा काढून टाकण्यास सांगितले. फरशी काढायची म्हणजे छिन्नीने फोडायची. गरिबाच्या नव्या भिंतीला आधी सौगातीचा चेहरा आणि मग त्या चेहऱ्याच्या मापाचा खड्डा. त्याच फरशीवर 'हे घर तुमच्या-आमच्या करातून उभे राहिले' असे लिहिले असते तर ती काढायला कोण कोर्टात गेले असते?

सरकारी जाहिरात नसावीच, या मताचे आम्ही नाही. पोलिओच्या दोन थेंबांची हाक घरोघर गेली ती सरकारी खर्चानेच, आणि २०१४ च्या मार्चमध्ये आपला देश पोलिओमुक्त म्हणून प्रमाणित झाला, त्यात त्या हाकेचा वाटा मोठा आहे. आमच्या गल्लीत रोज सकाळी कचऱ्याची गाडी गाणे वाजवत येते. ओला-सुका कचरा निराळा ठेवण्याची शिस्त इंदूरला त्या गाण्याने लावली, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. हाही सरकारी प्रचारच. पण गंमत अशी की या दोन्ही ठिकाणी तळाशी ती ओळ घाला, काहीही बिघडत नाही. उलट आपल्याच पैशाने आपल्याच लेकराला थेंब मिळाले, हे वाचून आईला बरेच वाटेल. ओळ घातल्याबरोबर जी जाहिरात ओशाळवाणी दिसू लागते, ती मुळात काढायलाच नको होती. काका याला कसोटीचा दगड म्हणत. एरवी लेखापरीक्षणाला वर्षे लागतात. ही परीक्षा वाचक चहा पिता पिता करू शकतो.

रकमेविषयी एकच आकडा सांगतो, कारण आकड्यांचा ढीग घातला की कोणताच लक्षात राहत नाही. २०१४ पासून ७ डिसेंबर २०२२ पर्यंत केंद्र सरकारने छापील आणि दृक्श्राव्य माध्यमांतील जाहिरातींवर मिळून सुमारे ६,४९१ कोटी रुपये खर्च केल्याची माहिती संसदेत देण्यात आली. १४० कोटी माणसांत वाटले तर डोईवर सेहेचाळीस रुपये. राज्यांचा खर्च निराळा. आणि हा रोग कोण्या एका पक्षाचा नाही. दिल्लीत त्या वेळी सत्तेवर असलेल्या आम आदमी पक्षाला २०२३ च्या जानेवारीत १६३.६२ कोटींच्या वसुलीची नोटीस आली, ती पक्षाचा प्रचार सरकारी जाहिरातींच्या आडून केल्याच्या आरोपावरूनच.

या ओळीची भाषा कोणती असावी, यावर आम्ही आणि काका पुष्कळदा वाद घालत असू. कॅनडातील ऑन्टारिओ प्रांताने २००४ साली सरकारी जाहिरातींचा स्वतंत्र कायदा केला. जाहिरात छापण्यापूर्वी ती महालेखापरीक्षकांकडे जावी, तीत मंत्र्याचे नाव, आवाज वा चित्र नसावे आणि खर्च ऑन्टारिओ सरकारने केला आहे असे तीत लिहिलेले असावे, असे तो कायदा सांगतो. पुढे २०१५ साली त्याच प्रांताने कायदा सैल करून परीक्षकांच्या हातातील विवेक काढून घेतला. कोणत्याही सरकारला आपलाच लगाम फार काळ आवडत नाही, त्याचा हा दाखला. पण आमचा मुद्दा शब्दांचा आहे. 'सरकारने खर्च केला' म्हणजे अर्धेच सांगितले. आपल्याकडे तर 'सरकारी' या विशेषणाचा अर्थच बिनमालकीचे असा होऊन बसला आहे. सरकारी नळ, सरकारी जागा, सरकारी माल.

बरे, 'करदात्यांच्या पैशातून' म्हणावे, तर दुसरीच अडचण. आमच्या कोषाध्यक्षांसारख्या, दर जुलैत विवरणपत्र भरणाऱ्या मंडळींना करदाता म्हणजे आपणच असे वाटते. देश आपण चालवतो आणि बाकीचे फुकट खातात, अशी त्यांची समजूत. आमच्याकडे भांडी घासायला येणाऱ्या बाई साबणाची वडी घेतात, मुलाच्या मोबाइलचा रिचार्ज मारतात, तेव्हा प्रत्येक वेळी कर भरतात; १ जुलै २०१७ नंतर तर तो कर पावतीवर निराळा छापून येतो. सौगात त्यांनाही मिळते आणि तिचे पैसेही त्याच देतात. काकांना 'करदाते' हाच शब्द हवा होता, हिशेबात तोच बसतो म्हणून. आम्हांला 'जनतेच्या' हा शब्द बरा वाटे. आज वाटते की 'तुमच्या' हा सर्वांत सोपा. 'ही जाहिरात तुमच्या पैशातून.' वाचणारा जो असेल तो.

याच संदर्भात काकांनी एकदा आम्हांला होळकरांच्या दप्तराची आठवण करून दिली. ग्वाल्हेरचा माणूस इंदूरकराला होळकर शिकवतो, हे आम्हांला थोडे लागले, पण बोलणे खरे होते. होळकरांच्या राज्यात दौलत निराळी आणि खासगी निराळी. १७३४ साली पेशव्यांनी मल्हारराव होळकरांच्या पत्नी गौतमाबाईंना खासगीची जहागीर दिली आणि ती पुढे अहिल्याबाईंकडे आली. काशी, गया, आणखी कुठे कुठे अहिल्याबाईंनी मंदिरे, घाट, धर्मशाळा बांधल्या. आपल्या सीमेबाहेरचा हा दानधर्म मुख्यतः या खासगीतून झाला, राज्याच्या महसुलातून नव्हे. खासगीतही अखेर त्या जहागिरीच्या गावांतील रयतेचाच घाम होता, हे विसरून भाबडेपणा करायचा नाही. तरीही स्वतःच्या पुण्याला कोणत्या थैलीत हात घालायचा आणि कोणत्या थैलीत नाही, हे त्या बाईंना समजत होते. घाट बांधणाऱ्याचे नाव घाटावर असायला हरकत नाही, थैली त्याची असेल तर. इंदूरच्या प्रत्येक सरकारी फलकावर त्यांचे नाव घेतले जाते. त्यांच्या वहीतले हे दोन रकाने मात्र कोणी उतरवून घेतलेले दिसत नाहीत.

असा काही नियम नव्याने घडवायला शब्द शोधत बसावे लागेल, अशीही स्थिती नाही. निवडणूक आयोगाच्या आदर्श आचारसंहितेत सार्वजनिक तिजोरीच्या खर्चाने वर्तमानपत्रांत जाहिराती देण्यास मनाई आहे. सार्वजनिक तिजोरीच्या खर्चाने : शब्द तयार आहेत. फक्त ते निवडणूक जाहीर झाल्यापासून निकालापर्यंत जागे असतात आणि उरलेली वर्षे झोपतात. आचारसंहिता लागली की रातोरात फलकांवर कागद चिकटवले जातात, चेहरे झाकले जातात, आणि निकालानंतर ते कागद पावसाने आपोआप गळून पडतात.

काका २०२२ च्या उन्हाळ्यात गेले. त्यांच्या पुस्तकांसोबत मंडळाच्या अंकांची फाइलही त्यांच्या मुलाने ग्रंथालयाला दिली. त्यात पेन्सिलीने काही लिहिलेले सापडेल, असे आम्हांला वाटले होते. काही नव्हते. अंक कोरे, नीट शिवलेले, २०१६ चाही.

जाहिरातीचे काम आता आमच्याकडे नाही. ते एक तरुण सभासद पाहतात. संगणकावर पत्रे करतात आणि आमच्यापेक्षा पुष्कळ कमी दिवस बाकावर बसतात. दिवाळी अंकासाठी यंदा अर्ध्या पानाचा आरओ आला आहे. अट तीच : मजकुरात बदल चालणार नाही. म्हणून आम्ही जाहिरातीला हात लावायचा नाही, असे ठरवले आहे. आमची सूचना एवढीच की जिथे आपल्या त्रैमासिकाच्या मुद्रकाचे आणि प्रकाशकाचे नाव असते, त्या आपल्या स्वतःच्या चौकटीत एक ओळ वाढवावी : या अंकातील शासकीय जाहिरातीपोटी मंडळास सार्वजनिक निधीतून इतके रुपये येणे आहेत. मिळाल्यावर पुढच्या अंकात 'मिळाले' असे छापावे. ती चौकट आपली आहे. तिच्यावर कोणाची अट नाही.

तरुण सभासदांना हे सांगितले तेव्हा त्यांनी नम्रपणे ऐकून घेतले. मग म्हणाले, "सर, पुढच्या वर्षी जाहिरात मिळाली नाही तर?" आणि थोडे थांबून, "शिवाय आपण साहित्याचे मंडळ आहोत. राजकारणात कशाला पडायचे?" वाक्य आमचेच होते. आम्ही त्यांना चहा मागवला.

कार्यकारिणीची सभा येत्या रविवारी साडेपाच वाजता, ग्रंथालयाच्या माडीवर आहे. विषय क्रमांक चार. गेल्या वेळी नकार देणाऱ्या सातांपैकी आम्हांसह तिघे अजून समितीत आहोत.